हाडं धुणारा आथिम

तुंगफो गावातल्या लग्नकार्याला मोक आथिमला बोलावणं यायचं, पण त्याचा वाडगा आत मांडत नसत. अंगणात, विहिरीच्या कडेला, बांबूच्या बुटक्या स्टुलावर त्याला वाढायचे आणि तो उठून गेला की ते स्टूल उन्हात उलटं करून ठेवायचे. त्याला त्याचं काही वाटत नसे. बापाचं असंच होतं, आजाचंही असंच. माणूस पुरून सहा-सात वर्षं झाली, मांस मातीला मिळालं, की घरचे लोक आथिमच्या दारात यायचे. तो थडगं उकरायचा, हाडं एकेक करून वर घ्यायचा, तांदळाच्या दारूनं धुवायचा, सावलीत वाळवायचा आणि गुडघ्याएवढ्या मातीच्या रांजणात बसवायचा. खाली पाय, त्यावर मांड्या, मग कणा, सगळ्यांत वर कवटी. माणूस आत उकिडवा बसलाय असं दिसलं पाहिजे. उलटसुलट बसवला तर घरातल्यांची डोकी फिरतात. मग ते रांजण गावामागच्या टेकडीवर ओळीनं ठेवायचे. मोकांच्या कैक पिढ्या त्या टेकडीवर बसून खाडी बघत होत्या.

"आथिमदादा, माझा नंबर कधी लावतोस?" मळ्यातले तरणे गडी त्याला चिडवायचे.

"आधी मर, मग सात वर्षं दम धर," तो म्हणायचा. "घाई केली की वास येतो."

बायको यूकहो खाडीपलीकडची, कालवं फोडणाऱ्यांच्या घरातली. तोंडभर देवीचे व्रण, म्हणून हाडं धुणाऱ्याच्या पदरात पडली. तिचे आईबाप एका तुफानात होडीसकट गेले तेव्हा धाकटा भाऊ हापशिंग रांगत होता. लग्न होऊन ती तुंगफोला आली ती त्याला पाठीशी बांधूनच. आथिमला स्वतःचं मूल झालं नाही. त्यानं याच पोराला रताळी आणि पेज भरवून वाढवलं. मोठा झाल्यावर हापशिंगला हाडांचा धंदा नको झाला. तो पश्चिमेला, फ्रेंचांच्या ताब्यातल्या टोंकिनात पळाला, हायफाँगच्या बंदरात फ्रेंचांच्या खाणावळीत भांडी घासू लागला आणि घासता घासता त्यांची भाषा शिकला.

थडगी झाडायचा सण होता. सगळं गाव उकडलेलं डुकराचं मांस, उदबत्त्या आणि मेलेल्यांसाठी जाळायचे कागदी पैसे घेऊन टेकडीवर जमलेलं असताना खाडीच्या तोंडाशी काळा धूर दिसला. आगबोटी आत आल्या. किनाऱ्यावरच्या जुन्या गढीत आपल्या बादशहाचे शिपाई होते. त्यांनी एक गोळी न झाडता वळकट्या उचलल्या आणि ते भाताच्या बांधांवरून चालते झाले. त्यांना वरून तसाच हुकूम होता, हे पुढे कळलं. दुपारपर्यंत गढीवर फ्रेंचांचं तीन रंगांचं निशाण चढलं होतं.

त्या बोटींपैकी एकीवरून हापशिंग उतरला. अंगात पांढरा कोट, पायात चामडी बूट. दुभाष्याची नोकरी लागली होती त्याला. संध्याकाळी तो बहिणीकडे जेवायला आला आणि उंबऱ्यावर त्यानं बूट काढून ठेवले तेव्हा शेजारपाजारचे लोक त्या बुटांकडे बघत उभे राहिले.

"दाजी, ही माणसं परत जायला आलेली नाहीत," तो पहिल्या घासालाच म्हणाला.

"मग कशाला आलीयत?"

"इंग्रजांना हाँगकाँग मिळालं. जर्मनांनी उत्तरेला एक बंदर बळकावलं. यांना वाटतंय आपण मागे राहिलो. यांच्या देशात म्हणे लोक सकाळी चहा पिताना नकाशे बघतात, कुठल्या मुलखाला आपला रंग लागला ते. तिथं दाखवायला एक खाडी हवी होती."

"आणि बरी आपलीच सापडली."

"खोल आहे ना. मोठ्या बोटी आत येतात."

"खोल आहे म्हणून तर आई-बाबा वर आले नाहीत," यूकहो चुलीपाशी बसून म्हणाली. "तू खा. आणि ते बूट घालून गावातून हिंडू नकोस."

फ्रेंचांना छावणीसाठी उंच जागा पाहिजे होती. उंच जागा एकच, मोकांची टेकडी. दुभाष्याकरवी निरोप आला की रांजण हलवा. हलवायचे कुठे, ते कुणी सांगितलं नाही. गावचे थोरले काका, सत्तरी उलटलेले, आथिमला बरोबर घेऊन मुदत मागायला टेकडीवर गेले. त्यांच्या मागून अर्धं गाव चाललं होतं, बाया, गडी, सगळे. कुणाच्या हातात काठीसुद्धा नव्हती.

वर पोचले तेव्हा काम सुरू झालं होतं. शिपायांनी वरच्या ओळीतले रांजण काढून एका भिंतीवर मांडले होते आणि लांबून नेम धरून ते त्यांच्यावर गोळ्या झाडत होते. रांजण फुटला की हसायचे. फुटलेल्या खापऱ्या आणि हाडं फावड्यानं ओढून चुन्यात कालवत होते. तटाच्या पायात भर पाहिजे होती. आथिमनं त्या भरीकडे पाहिलं. कवट्या, मांड्या, बरगड्या, कुणाच्या कोणत्या, कळायला काही उरलं नव्हतं. भिंतीवर डावीकडून तिसरा रांजण त्याच्या आईचा होता. झाकणाला त्यानंच लाल कापड बांधलं होतं.

तो धावला. कुणी ओरडलं, त्यानं ऐकलं नाही. रांजणाला त्यानं मिठी मारली तेवढ्यात बंदुकीचा दस्ता त्याच्या तोंडावर बसला. दोन दात घशात गेले. दुसरा फटका रांजणावर बसला आणि आई त्याच्या मांडीवर सांडली. तो रक्त थुंकत, हातांनी चाचपडत हाडं सदऱ्यात गोळा करू लागला, आणि पाठीत लाथा बसत असताना त्याच्या डोक्यात एवढंच होतं की बोटांची बारकी हाडं राहायला नकोत.

खालच्या अंगाला लो घरातली एक म्हातारी नवऱ्याच्या थडग्यावर पालथी पडली होती. त्याला पुरून दोनच वर्षं झाली होती, अजून उकरायची वेळ नव्हती. एका शिपायानं तिला पायानं ढकलून पाहिलं, ती हलेना. तिनं मान वळवून त्याच्या पोटरीला चावा घेतला. त्यानं बंदुकीच्या टोकाचं पातं तिच्या पाठीत घातलं आणि ते ओढून काढताना तिचं हलकं शरीर वर उचललं गेलं. मग लोकांनी दगड उचलले. मग बंदुका एकदम वाजल्या.

हापशिंग मध्ये उभा राहून त्यांच्या भाषेत काहीतरी किंचाळत होता, दोन्ही हात वर करून. एका अधिकाऱ्यानं त्याच्या थोबाडीत मारली आणि त्याला बाजूला लोटलं. गावानं एवढंच पाहिलं की तो त्यांच्या बाजूला उभा होता आणि त्याला गोळी लागली नाही.

टेकडीच्या उतारावर बारा-पंधरा मुडदे पडले होते. थोरल्या काकांच्या खांद्याचं हाड गोळीनं फुटलं होतं, पण ते जगले.

मोकांमध्ये वायलुन नावाचा एक माणूस होता, नात्यानं आथिमचा चुलतभाऊ. तरुणपणी टोंकिनच्या सरहद्दीवर तो याच फ्रेंचांशी लढला होता आणि तिथं एक डोळा ठेवून आला होता. घरी येऊन पंधरा वर्षं त्यानं डुकरं पाळली. मुडदे गावात आणले त्या दिवशी त्यानं डुकरं विकली आणि लोहाराला बोलावून घेतलं. भाले झाले, कोयते झाले. दोघांच्या खांद्यावर नळी टेकवून मागून तिसऱ्यानं बत्ती द्यायची, अशा जुन्या जेजाला देवळाच्या माळ्यावरून उतरवल्या. तालुक्याच्या अंमलदारानं वरकरणी दरडावलं आणि पाठीमागून बंदुकीच्या दारूची पोती धाडली. शेजारची गावं येऊन मिळाली.

पहिला हल्ला भर दुपारी केला, जेवून फ्रेंच सुस्तावतात म्हणून. ते सुस्तावले नव्हते. रताळ्यांच्या वावरातून माणसं ओरडत वर गेली आणि तटावरून गोळ्यांची सर आली. जेजाल एकदा उडवली की परत भरायला अर्धी चिलीम ओढून होते. त्यांच्या बंदुका तेवढ्यात वावर नांगरून काढत होत्या. आथिमकडे भाला नव्हता. पडलेल्यांना ओढून आणायचं काम त्याला दिलं होतं. तो चिखलात सरपटत जायचा, घोटा धरायचा आणि मागे ओढायचा. एकाला बांधापर्यंत आणलं तेव्हा कळलं की कमरेवरचा भाग मागेच राहिलाय. तो परत जाऊन तेही घेऊन आला.

बांधाआड वायलुन बसला होता, दंडाला चिंधी गुंडाळत.

"तुझा धंदा बरा चाललाय, आथिम," तो म्हणाला.

"तुझंही माप घेऊन ठेवू का, दादा? जिवंतपणी घेतलं की रांजण नेमका होतो."

वायलुन हसला आणि हसता हसता रडायला लागला. त्याचा धाकटा भाऊ त्या वावरात पडला होता.

पुढचं दीड वर्ष असंच गेलं. फ्रेंच टेकडीवरून उतरायचे, एखादं गाव जाळायचे, म्हशींना गोळ्या घालायचे, परत वर जायचे. गाव वाटेवर दबा धरायचं आणि एखादा मागे राहिलेला शिपाई सापडला की त्याचे तुकडे करायचं. झऱ्यावर पाणी भरायला आलेला एक कोवळा शिपाई असाच सापडला. तो गुडघ्यावर बसून हात जोडत होता, आणि ज्याच्या आईला टेकडीवर भोसकलं होतं त्या लोनं त्याचे जोडलेले हात आधी तोडले. आथिम तिथं होता. त्यानं थांबवलं नाही. घरी येऊन त्यानं हात धुतले, पुन्हा धुतले, आणि यूकहोनं पेज वाढली ती तशीच ठेवली.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"काही नाही. आपणही त्यांच्यासारखेच झालो."

"त्यांच्यासारखे नाही," ती म्हणाली. "आपल्याला जायला दुसरा देश नाही."

एकदा दुसऱ्याच एका दुभाष्यानं बोलणी करायची म्हणून शेजारच्या गावच्या पाच माणसांना किनाऱ्यावर बोलावलं आणि पाचही जण तिथंच मारले गेले. तेव्हापासून बूट घातलेल्या माणसाचं नाव काढलं तरी लोक थुंकायचे.

दुसऱ्या वर्षी भातकापणी संपत आली होती, तेव्हा हापशिंग तुंगफोत आला. दिवसाढवळ्या आला, अनवाणी, कोळ्याचा सदरा घालून. सरळ बहिणीच्या घरी जायचं सोडून तो गावच्या पूर्वजांच्या देवळात गेला, जिथं थोरले काका आणि वायलुन बसले होते.

"उद्या सकाळी ते येणार आहेत," तो म्हणाला. "पुढच्या वाटेनं नाही. ओहोटीला खाजणातून, कालवांच्या खडकाजवळच्या उतारावरून. पुढच्या वाटेवर थोडी माणसं नुसती आवाज करायला ठेवतील. बायकापोरांना आज बाहेर काढा."

"कुणी सांगितलं तुला?" वायलुननं विचारलं.

"मीच ऐकलं. टेबलाशी मीच उभा होतो."

"आणि तुला सोडलं इकडं यायला?"

"पळून आलोय."

"म्हणजे आम्ही पुढची वाट मोकळी टाकायची," वायलुन सावकाश म्हणाला, "आणि सगळे खाजणाकडे जाऊन बसायचं. मागच्या वेळी पाच माणसांना असंच बसवलं होतं."

देवळाबाहेर गर्दी जमली. कुणीतरी ओरडलं की हा टेकडीवर उभा होता, याला एक गोळी लागली नाही. झऱ्यावरचा तो लो पुढे आला आणि त्यानं हापशिंगला केसांच्या शेपटीला धरून वडाखाली ओढलं. दोरखंडानं बुंध्याला बांधलं. यूकहो कालवांची टोपली टाकून धावत आली आणि भावाच्या गळ्यात पडली. तिला सोडवायला कुणीतरी कावडीचा दांडा मारला, तो कपाळावर बसला. ती खाली पडली, पण भावाचा पाय सोडला नाही.

आथिम गर्दीत घुसला. "ऐका," तो म्हणाला. "त्याला कोंडून ठेवा. उद्या खोटं निघालं तर मारा. एका सकाळचा प्रश्न आहे."

"हाडं धुणाऱ्या, तू गप्प," कुणीतरी म्हणालं.

"थोरले काका, तुम्ही बोला. मी मुदत मागायला तुमच्याबरोबर आलो होतो. तुम्ही बोला."

थोरल्या काकांचा मोडका खांदा वाकडा झाला होता. ते देवळाच्या पायरीवर उभे होते. त्यांनी तोंड उघडलं, गर्दीकडे पाहिलं आणि परत मिटलं.

हापशिंग आथिमकडे बघत होता. "दाजी, ताईला घेऊन जा," तो म्हणाला. "तिला इथं ठेवू नका."

वायलुननं कोयता लोच्या हातून काढून घेतला. पुढे लोक म्हणाले की लोनं हाल करून मारलं असतं, म्हणून वायलुननं घेतला; असेलही तसं. एका घावात काम झालं नाही. दुसरा कवटीवर बसला. यूकहो पायाशी होती, तिच्या पाठीवर सगळं रक्त सांडलं.

गर्दी पांगली. आथिमनं दोर कापला, हापशिंगला चटईवर घेतलं. मग तो उठून वायलुनकडे गेला. वायलुन विहिरीवर कोयता धूत होता.

"आता तो मेला," आथिम म्हणाला. "आता त्याला खोटं बोलून काय मिळणार? निदान त्याचं म्हणणं तरी ऐक. मी खाजणात जाऊन बसतो. दहा माणसं दे आणि दोन जेजाला."

वायलुननं कोयत्यावरचं पाणी झटकलं. मग म्हणाला, "वीस घे."

सकाळी ओहोटी लागली. खाजणातलं पाणी मागे सरलं, कालवांचे खडक उघडे पडले. पुढच्या वाटेवर गोळ्यांचा आवाज सुरू झाला, भरपूर आवाज, आणि गाव तिकडं धावलं. आथिम खारफुटीच्या मुळांत छातीपर्यंत चिखलात बसला होता. बरोबरचे गडी कुजबुजत होते की काही येत नाही, चला तिकडं.

मग ते आले. उतारावरून एकेक करून, बंदुका डोक्यावर धरून, चिखलात पाय रुतत. पुढे दोन अधिकारी. हापशिंगनं सांगितलं होतं तीच जागा, तीच वेळ.

जेजाला एकदम उडाल्या. खिळे, कढयांचे तुकडे, साखळीच्या कड्या, जे काही भरलं होतं ते सगळं त्या रांगेत घुसलं. पुढचे लोक चिखलात आडवे झाले आणि मागच्यांना पुढे येता येईना, मागे जाता येईना, कारण चिखल गुडघ्याला धरत होता. गावच्या माणसांना तो चिखल जन्मापासूनचा ठाऊक. ते पोटावर सरकत गेले, कालवं काढायला जातात तसे, आणि खालून भोसकू लागले. पाणी आधी तांबूस झालं, मग लाल. एक शिपाई खडकावर चढला, त्याला धारदार शिंपल्यांनी कापलं, तो घसरला आणि तिघे त्याच्यावर पडले.

आथिमच्या हातात आखूड दांड्याची कुदळ होती, थडगी उकरायची. एक अधिकारी, पिंगट दाढीचा, मांडीत खिळे घुसलेला, खडकाला टेकून पिस्तूल झाडत होता. त्यानं आथिमच्या शेजारच्या गड्याला तोंडात गोळी घातली. मग पिस्तूल आथिमवर रोखलं आणि चाप ओढला. ते रिकामं होतं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या माणसानं काहीतरी म्हटलं. हापशिंग असता तर त्यानं अर्थ सांगितला असता. आथिमनं कुदळ मानेच्या मुळाशी घातली. कुठं घातली की माणूस लगेच जातो ते त्याला माहीत होतं, पण हात थांबला नाही. तो घालत राहिला, आणि शेवटी वायलुनच्या माणसांनी त्याला मागे ओढलं तेव्हा समोर माणूस असा उरला नव्हता.

भरती येईपर्यंत फ्रेंच परत गेले होते. गाव वाचलं. पुढच्या वाटेवरून धावत आलेल्या गावकऱ्यांनी दोन्ही अधिकाऱ्यांची डोकी कापून बाजारातल्या बांबूवर टांगली, फटाके लावले. वायलुन फटाक्यांजवळ गेला नाही. तो वडाखाली उभा होता, बुंध्यावरचा डाग बघत.

त्याच महिन्यात कुठंतरी, आपल्या बादशहाच्या मोठ्या साहेबांनी आणि फ्रेंचांच्या मोठ्या साहेबांनी एकत्र बसून चहा घेतला आणि नकाशावर रेघ ओढली. नव्व्याण्णव वर्षांसाठी खाडी फ्रेंचांची. तुंगफो त्यांच्या बाजूला, टेकडी त्यांच्या बाजूला. ज्या अंमलदारानं दारूची पोती दिली होती त्याला बडतर्फ केलं. त्याच्या जागी आलेल्यानं निरोप धाडला: फ्रेंचांना त्यांच्या अधिकाऱ्यांची डोकी परत पाहिजेत, आणि त्या डोक्यांसाठी दोन डोकी पाहिजेत. नावं गावानं द्यावीत.

देवळात बैठक झाली. आथिमला बोलावलं नाही, पण त्याचं नाव निघालं. अधिकाऱ्याला त्यानं मारलं हे खरंच होतं. शिवाय त्याला मूलबाळ नव्हतं, तो गेल्यानं कुणाचा वंश बुडणार नव्हता. कुणीही मोठ्यानं बोललं नाही, पण ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वायलुन त्याच्या दारात उभा राहिला. यूकहो चुलीपाशी होती. कपाळावरचा घाव अजून पुरता भरला नव्हता. ती उठली नाही.

"तुझं नाव दिलंय," वायलुन आथिमला म्हणाला.

"कळलं."

"मी ते काढलं. माझं घातलं. पुढाकार माझा होता, हे फ्रेंचांनाही माहीत आहे."

"आणि दुसरं?"

"नवा अंमलदार म्हणाला, दुसऱ्याची काळजी नको. त्याच्या तुरुंगात माणसं आहेत." वायलुननं उरलेला डोळा यूकहोकडे वळवला. "वहिनी, मी माफी मागायला आलो नाही. ती मागता येत नाही. त्यानं खरं सांगितलं आणि गाव त्याच्यामुळे उरलं. मला हे खाजणातला आवाज ऐकला तेव्हाच कळलं. तेव्हापासून झोप नाही."

मडक्यात पेज होती. यूकहोनं वाडगा भरला, त्यावर खारवलेल्या मुळ्याची फोड ठेवली, तो जमिनीवर वायलुनच्या पुढे सरकवला आणि पाठ फिरवून बसली. वायलुन उकिडवा बसला आणि त्यानं सगळी पेज संपवली.

"आथिम," तो जाताना म्हणाला, "मला अर्धवट पुरू नको."

तालुक्याच्या गावात, कवायतीच्या मैदानावर ते झालं. फ्रेंच अधिकारी खुर्च्यांवर बसले होते, त्यांच्यावर छत्र्या धरलेल्या. वायलुनच्या शेजारी एक कोंबडीचोर आणला होता, तो शेवटपर्यंत सांगत होता की मी कधी समुद्रसुद्धा पाहिला नाही. त्याचं आधी उरकलं. वायलुननं स्वतःच्या केसांची शेपटी मानेवरून पुढे घेतली आणि मान खाली घातली. जल्लाद नवखा होता की प्यायला होता देव जाणे. त्याला तीन घाव लागले. दुसऱ्या घावानंतरही वायलुन गुडघ्यांवरच होता.

फ्रेंचांनी पाहून झाल्यावर धड आणि डोकं घरी नेऊ देत होते. आथिमनं मैदानाच्या कडेला चटई पसरली, रक्त दारूनं धुतलं आणि मेणाच्या दोऱ्यानं डोकं मानेला शिवायला घेतलं. घाव वेडेवाकडे होते, कातडी कमी पडत होती. बघ्यांनी नाकाला सदरा लावला. तो घाई न करता टाका घालत राहिला आणि टाका घालताना वायलुनशी हळू आवाजात बोलत होता, की अजून थोडं, इथं ताणलं की बसतंय.

बैलगाडी रेघेपलीकडे फ्रेंच सोडत नव्हते. तो चटईत गुंडाळलेलं प्रेत कसं न्यायचं या विचारात धक्क्यावर बसला असताना एक होडी काठाला लागली. वल्हं यूकहोच्या हातात होतं.

तो बघत राहिला. "तू कशाला आलीस?"

"गाडी सोडत नाहीत, ऐकलं. डोक्याकडून धर."

दोघांनी प्रेत आत घेतलं. ती वल्हवू लागली. मधे फ्रेंचांची पहाऱ्याची नाव आडवी आली. एका शिपायानं वल्ह्यानं चटईचं टोक उचललं, शिवलेली मान पाहिली, छातीवर क्रूस काढला आणि हातानं जा म्हणून खूण केली.

"त्याला माफ केलंस का?" आथिमनं मग विचारलं.

"नाही."

"मग?"

"ओहोटी लागलीय. उशीर झाला असता तर चिखलात अडकला असतास, त्याच्यासकट." तिनं वल्हं दुसऱ्या हातात घेतलं. "आणि त्याची आई वाट बघत असेल. माझ्या भावाला मी होते. तिला कोण आहे? धाकटा तर आधीच गेला."

टेकडीवर आता दगडी तट पुरा झाला होता आणि उतारावर नव्या सडकेसाठी मजूर खणत होते. त्यांच्यात तुंगफोचेही होते. पुढची कित्येक वर्षं आथिम त्या मजुरांच्या मागे टोपली घेऊन फिरला. कुदळीला हाड लागलं की ते त्याला हाक मारायचे. कुठलं हाड कुणाचं हे कळायला काही मार्ग नव्हता, म्हणून त्यानं खाजणापलीकडच्या बांधावर मोठमोठे रांजण पुरले आणि त्यांत सगळ्यांना एकत्र ठेवलं. पण ते पुढचं.

त्या दिवशी होडी गावाजवळ आली तेव्हा ओहोटीनं पाणी बरंच मागे गेलं होतं. वायलुनची आई चिखलात घोट्यापर्यंत उभी होती, एकटी, पांढरं कापड खांद्यावर घेऊन. तिच्या मागे, बांधावर, गावचे लोक होते आणि त्यांतलं कुणी खाली उतरत नव्हतं. होडी टेकली. म्हातारी चटईकडे यायला लागली आणि तिचा पाय रुतला.

यूकहो वल्हं टाकून पाण्यात उतरली आणि तिनं म्हातारीला काखेत हात घालून धरलं, कारण तिथं उतार निसरडा होता.